आडवी बाटली आणि स्नेहलचे नाव

मी, प्रयागबाई सयाजी उकिर्डे, वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार डिंगोरे, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दबावाखाली न येता आणि कोणाचेही न ऐकता लिहीत आहे. न ऐकण्याबद्दल गावात माझी ख्याती आहेच. पुढच्या आठवड्यात पुण्याला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, पडून राहा. पडून राहिले की छताकडे बघत मतदारयादीतली नावे आठवत बसते, त्यापेक्षा लिहिलेले बरे.

माझे डोके ठिकाणावर आहे. त्याला साक्षीदार म्हणून मी मुद्दाम गेणभाऊंना बोलावले आहे. एस.टी. थांब्याजवळचे देशी दारूचे दुकान त्यांचे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा त्रास गावात सगळ्यात जास्त त्यांनाच झाला आहे, तेव्हा उद्या कोणी म्हणाले की म्हातारी भ्रमिष्ट झाली होती, तर गेणभाऊंना होकार देता येणार नाही. निरोप धाडला तसे आले, चपला बाहेर काढल्या आणि म्हणाले, "काकू, तुमी माझंच दुकान बंद करायला निघालाय आन् सही बी मलाच मागताय व्हय?" मी म्हटले, "होय." "मंग च्या तरी टाका," म्हणाले. चहा टाकला.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे.

कलम पहिले, शेती. यजमान कै. सयाजी यांच्या मागे माझ्या हिश्श्याला आलेली ओढ्याकाठची जमीन, विहिरीतल्या हिश्श्यासकट, चिरंजीव सुदर्शन याला द्यावी. राबतो तो, रात्रीअपरात्री मोटर चालू करायला उठतो तो. मळ्यात त्याचे स्वतःचे पक्के घर आहे, तेव्हा गावातल्या घराचा विचार त्याने मनातून काढावा. त्याबद्दल पुढे लिहिते.

सुदर्शनवर माझा एक राग आहे तोही इथेच मोकळा करते. मागल्या वर्षी आम्ही दारूबंदीच्या मतदानात हरलो, त्या संध्याकाळी तो म्हणाला, "आई, लोक मला बांधावर हसत्यात. तुझ्या त्या अमेरिकेनं बी केली व्हती ना दारूबंदी? मंग उठवली का?" बोलून जेवायला बसला. प्रचाराच्या भोंग्यावर ओरडून माझा घसा बसला होता, म्हणून उत्तर राहून गेले. आता देते. उठवली, बाबा. तेरा-चौदा वर्षांत उठवली. पण ज्या वर्षी ती बंदी लागू झाली त्याच वर्षी तिथल्या साऱ्या देशातल्या बायकांना मताचा हक्क देणारी दुरुस्तीही झाली, आणि ती कोणी उठवली नाही. दारू परत आली, बायका मतपेटीपासून परत फिरल्या नाहीत. एवढे तुला शाळेत मीच शिकवले होते, तू शेवटच्या बाकावर झोपला होतास.

कलम दुसरे, पुस्तके. माझ्याकडे अमेरिकेच्या इतिहासाची एक फळीभर पुस्तके आहेत. बाहेरून एम.ए. केले तेव्हा जमवली. गिरण्या आणि रेल्वे वाढल्या त्या काळातली तिथली माणसे मला फार आवडतात. आठ तासांच्या कामासाठी भांडणारे मजूर, पोरांना गिरणीतून बाहेर काढून शाळेत घाला म्हणणाऱ्या बाया, रेल्वेच्या भाड्याविरुद्ध एकत्र आलेले शेतकरी. क्रमिक पुस्तकात या सगळ्यांना मिळून दोन पाने होती. मी त्यावर महिनाभर शिकवायची आणि मुख्याध्यापक दर वर्षी विचारायचे, "उकिर्डे बाई, तुम्ही परत भारतात कधी येणार?" ही पुस्तके कुशाबाईला द्यावीत. ती वाचणार नाही हे मला माहीत आहे. तरी तिलाच द्यावीत.

कुशा माझी नववीतली विद्यार्थिनी. ओहायो प्रांतातल्या बायकांची गोष्ट मी वर्गात सांगत होते. सन १८७३ च्या हिवाळ्यात त्या बर्फात गुत्त्यांपुढे गुडघे टेकून प्रार्थना म्हणत बसल्या आणि कित्येक मालकांनी पिंपे गटारात ओतली. कुशा उभी राहिली. "बाई, त्या बायांना मत व्हतं का?" नव्हते. "मंग मालकानं त्यांचं का ऐकावं?" मी म्हटले, तेवढ्यापुरते ऐकले. बायका घरी गेल्या आणि पुष्कळ गुत्ते पुन्हा उघडले. म्हणून तर त्यांच्यातल्या कितीतरी जणी पुढे मताच्या मागे लागल्या. त्यानंतर वर्षभरात कुशाची शाळा सुटली. तिच्या बापाची मजुरी कुठे जायची ते साऱ्या गावाला ठाऊक होते. माझे यजमान थेंबाला शिवले नाहीत, तरी लोक विचारतात, तुम्हाला काय पडलंय? मला त्या रिकाम्या बाकाचे पडले आहे.

मी निवृत्त झाल्यावर पेपरात वाचले की गावातल्या बायकांनी मत दिले तर दारूचे दुकान बंद होते. पेपर तसाच हातात घेऊन मी कुशाच्या दारात गेले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बाई, आता तरी मत हाय ना आपल्याला? चला मंग."

नियम असा. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. पण आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मते पडावी लागतात. आलेल्यांच्या निम्मी नव्हे, यादीतल्या. म्हणजे जी आली नाही ती गेणभाऊंची. आणि आमच्या यादीत मेलेल्या सासवा होत्या आणि दहा-दहा वर्षांपूर्वी लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकी होत्या. ही नावे आधी कमी करायला हवी होती. मी आणि जुन्नरची माझी मैत्रीण आमिना अर्ज घेऊन घरोघर फिरलो. सासवांची नावे सुनांनी कमी करू दिली, काहींनी तर फारच उत्साहाने. लेकींच्या नावापाशी सगळ्या अडल्या. कुशासुद्धा. "बाई, लेकीचं नाव म्या माझ्या हातानं खोडू? उद्या नवऱ्यानं टाकली तर कुटं यायचं तिनं?" मी समजावले की मतदारयादी म्हणजे माहेर नव्हे. ती म्हणाली, "न्हाई तर न्हाई, पर कागदावर तर ऱ्हाऊ द्या." सगळ्या आयांचे म्हणणे हेच. आम्ही थोड्या मतांनी हरलो. त्याहून जास्त नावे सासरी गेलेल्या लेकींची होती.

लेकीचे नाव कमी करण्याचा अर्ज भरला तो एकटीने, मी. माझी कन्या स्नेहल अवसरी खुर्दला राहते, जावई तिथल्या कॉलेजात नोकरीला आहेत. तिचे नाव तिकडच्या यादीतही लागले होते. दोन ठिकाणी नाव ठेवणे बेकायदेशीर. दुसऱ्यांच्या दारात जाऊन सांगायचे तर आधी आपल्या घरातले नाव काढले पाहिजे, म्हणून काढले. तिला कचेरीची नोटीस गेली. तिचा फोन आला. "आई, विचारायचं तरी होतंस. डिंगोऱ्यातून माझं नाव तू काढलंस?" मी तिला नियम सांगितला. तिने फोन ठेवला. तेव्हापासून ती आलेली नाही, दोन दिवाळ्या गेल्या. आमिना मला म्हणाली, "प्रयाग, तू बरोबर होतीस गं. पण नोटीस जायच्या आधी आईने जायचं असतं." आमिनाचे बोलणे मला तेव्हा लागले. आजही लागते आहे. तरी तो अर्ज चुकीचा होता असे मी लिहिणार नाही.

कलम तिसरे, किरकोळ. सोन्याच्या पाटल्या नात समृद्धीला, पण तिचे शिक्षण पुरे झाल्यावर. पोस्टातली शिल्लक कुशाबाईच्या महिला मंडळाला, यादी तपासण्याच्या कामासाठी: झेरॉक्स, एस.टी. आणि चहा. भोंगाही त्यांनाच. आमिनाला मी काहीच देत नाही, कारण साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणतात. तिने साक्षीदार होणे पसंत केले. मुख्याध्यापकांना माफी द्यावी की नाही यावर मी खूप विचार केला. देत नाही.

कलम चौथे, घर. गावातले राहते घर मी माझ्या पगारातून बांधले आहे. ते पूर्णपणे, कोणाच्याही हिश्श्याविना, कन्या स्नेहल हिला द्यावे. घराच्या उताऱ्यावर तिचे एकटीचे नाव लावावे. तिने राहावे, कुलूप लावावे किंवा विकावे, तिची मर्जी. फक्त गेणभाऊंचे दुकान बंद होईपर्यंत पुढची खोली मंडळाच्या बायकांना बसायला द्यावी. उताऱ्याची एक प्रत सुदर्शनने कुशाबाईला नेऊन दाखवावी आणि माझा निरोप सांगावा की लेकीचे नाव कागदावर ठेवायचे असेल तर या कागदावर ठेवायचे असते. मग मतदारयादीतून कमी करायला हात अडणार नाही. आमचा पुन्हा मतदान मागण्याचा अर्ज तयार आहे. सह्या व्हायच्या आहेत. मला त्यासाठी जगायचे आहे, हे इथे स्पष्ट लिहिते.

कलम पाचवे आणि शेवटचे. मी मतदानाआधी गेले, तर माझे नाव यादीत राहील, आणि ज्याच्यासाठी मी पायपीट केली त्या मतदानात मी उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाईन. हे मला सहन होणार नाही. म्हणून मृत्यूचा दाखला हातात येताच, सुतक फिटण्याची वाट न पाहता, माझे नाव कमी करण्याचा अर्ज द्यावा. तो सुदर्शनने भरू नये. स्नेहलने भरावा. आपल्या माणसाचे नाव स्वतःच्या हाताने लिहून त्यापुढे 'कमी करावे' असे लिहिताना काय होते, ते मला तिला त्या दिवशी फोनवर सांगायचे होते. मी नियम सांगत बसले.

वरील मजकूर मी वाचला, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला, आणि त्यांच्यासमक्ष सही केली.

सही: प्रयागबाई सयाजी उकिर्डे

साक्षीदार:
१. गेणभाऊ चिमाजी उकिर्डे, दुकानदार, डिंगोरे. (बाईंचे डोके शाबूत आहे. स्वखुशीने लिहिले.)
२. आमिना कासम कागदी, निवृत्त शिक्षिका, जुन्नर

स्थळ: डिंगोरे
दिनांक: १९ नोव्हेंबर २००६