होडीतली पुढची जागा

दहिसर,
४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईचे गुडघे कसे आहेत? तेल लावून देतेस ना, की तिच्याशीही भांडण काढलंयस? इकडे सगळं ठीक. बाविसाव्या मजल्यावर वारा इतका की पापड वाळायच्या आधी उडून जातात, असं तेजल म्हणते.

मुख्य काम वेगळंच आहे. आम्ही होडी घ्यायचं ठरवलंय. तीच, दोघांनी वल्हवायची कनू, जी आपण कोलाडला भाड्याने घ्यायचो. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि तेजल. ती सोसायटीच्या पूलमध्ये पोहायला शिकली, आणि आता तंबू, भांडी घेऊन दोन दिवस नदीने उतरत जायचं म्हणते. कोलाडच्या अंबादासकडे दोन वापरलेल्या होड्या विकायला आहेत. एक लांब, सपाट बुडाची, सरळ धावणारी. दुसरी जरा आखूड, दोन्ही टोकं वर उचललेली. तेजलला लांब आवडली, कारण ती हलत नाही. मला ठरवता येत नाही, तुला त्यातलं कळतं. कुठली घेऊ?

आणि हो, होडी आमच्या लिफ्टमध्ये मावणार नाही. ती नाहूरला आपल्या पार्किंगमध्येच राहील, हे गृहीत धरलंय.

लोभ आहेच, तो सल्ल्यासकट पाठवावा.

तुझा,
सुयोग

नाहूर,
९ नोव्हेंबर २०२५

चि. सुयोग यास,
अ. उ. आशीर्वाद.

फोन न करता लिहिते आहे. फोनवर तुझ्या आवाजामागून तेजल काहीतरी बोलत असते आणि तू मला सोडून तिलाच उत्तर देतोस. पत्रात निदान तू एकटा असतोस.

आईचे गुडघे ठीक आहेत, माझं डोकं ठीक नाही. दोन हिवाळे आपण त्या नदीवर घाम गाळला, मी पुढे, तू मागे. स्वतःची होडी घ्यायची ही गोष्ट आपली ठरली होती, ती तू लग्नाच्या पंगतीत विसरलास वाटतं. आता होडी तुमची आणि पार्किंग आमचं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! मला तेजलचा हेवा वाटतो. स्पष्टच लिहिते, फक्त आईला सांगू नकोस.

तरी विचारलंस म्हणून सांगते. लांब होडी तलावात शोभते. खळाळत्या उताराच्या रॅपिडमध्ये खडक समोर आला की ती वळेपर्यंत खडक थांबत नाही. न हलणारी होडी नवशिक्याला काठावरून फार आवडते. टोकं उचललेली घे. सुरुवातीला डुगडुगेल, पण सामान भरलं की स्थिर होते आणि पटकन वळते. बूड ठोकून बघ. जाड प्लास्टिकचं असेल तर दगडावर आपटलं तरी चालतं, फायबरचं तडकतं. बसायच्या मापांचं मी अंबादासला फोनवर सांगितलंय, तो आसनं त्याप्रमाणे पक्की करून ठेवील.

तेजलला आशीर्वाद. जुन्या माणसांवरचा लोभ आटू देऊ नये.

तुझी,
ताई

दहिसर,
१ डिसेंबर २०२५

ती. चेतनाताईंस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला पहिल्यांदाच लिहिते आहे. सुयोगला माहीत नाही.

परवा होडी पाण्यात उतरवली. रॅपिड नव्हेच, खालचं संथ पाणी. मी पुढे, सुयोग मागे. होडीचं नाक सारखं वर, आणि वाऱ्याची झुळूक आली की ती गरगर फिरायची. मी दोनदा पाण्यात पडले. अंबादास काठावरून म्हणाला की पुढच्या बाईंचं वजन बासष्ट किलो सांगितलं होतं, त्या मापाने आसन मागे घेऊन बोल्ट मारलेत. सुयोग हसत सुटला. म्हणाला, ते तर ताईचं वजन. मी सत्तेचाळीस किलोची आहे, म्हणून नाक वर. मला हसू आलं नाही.

तुम्ही मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. मुद्दाम केलं असतंत तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. त्या जागी दुसरं कुणी बसेल हे तुमच्या मनातच आलं नाही. आमच्या घरातही तेच. आमटी केली की ताईची आमटी निघते, कपाट लावलं की ताई कसं लावायची ते ऐकायला मिळतं. हेवा मलाही वाटतो, ताई, तुमच्यापेक्षा जास्तच. होडीचा हट्ट मी धरला तो तिथे तरी तुम्ही नसाल म्हणून. आणि तिथे मला तुमच्याच मापाचं आसन मिळालं.

होडी विकून टाकू का, एवढंच सांगा.

रागावलात तरी थोडा लोभ शिल्लक ठेवावा.

आपली,
तेजल

नाहूर,
८ डिसेंबर २०२५

सौ. तेजल हिस,
अ. आशीर्वाद.

पत्र वाचून आधी संताप आला. मग पुन्हा वाचलं. अंबादासने वजन विचारलं तेव्हा जिभेवर माझंच आलं, आणि फोन ठेवल्यावरही काही चुकल्यासारखं वाटलं नाही. याहून जास्त काय लिहू?

होडी विकू नकोस. आसनालाही हात लावू नका. तंबू आणि भांड्यांची पिशवी तुझ्या पायांपुढे, अगदी नाकात घट्ट बांध. साधारण पंधरा किलो होऊ दे, नाक खाली येईल. म्हणजे मी बसायचे तिथे आता तू आणि एक कुकर. चालेल. अजून चालत नाहीये, पण चालेल.

एक लक्षात ठेव. भीती वाटली की नवशिके होडीची कड पकडतात. मीही पकडायची. हात वल्ह्यावरच ठेव, पाण्यात रुतलेलं वल्हं आधार देतं, कड देत नाही. मागे वळून बघू नकोस. दिशा सुयोग ओरडून सांगेल, तिकडे जोर लाव.

पोचल्याचं कळव. लोभाचं बघू, तो काही लगेच वळत नाही.

तुझी,
चेतनाताई

दहिसर,
१२ जानेवारी २०२६

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

सुखरूप आलो, त्याला पंधरवडा झाला. पिशवी नाकात बांधली आणि होडी शहाण्यासारखी सरळ चालली.

सकाळी धरणाचं पाणी सोडल्यावर आम्ही निघालो. पहिले दोन रॅपिड झाले. तिसऱ्याच्या तोंडाशी एकदम खडक समोर आला. तुमचं सगळं सांगणं विसरून माझे हात कडेकडे गेले होते. तेवढ्यात मागून सुयोग जिवाच्या आकांताने ओरडला, “ताई, डावीकडे!”

मी डावीकडे वल्हं रुतवलं आणि सगळा जोर लावून खेचलं. होडी खडकाला घासून पुढे निघाली.

काठावर आल्यावर सुयोग नाचत होता. काय हाक मारली ते त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी सांगितलं नाही, सांगणारही नाही. तंबू ठोकताना त्याच्याशी धड बोलले नाही, तर त्याला वाटलं मी दमले.

तुम्हालाही हे कळवणार नव्हते. इतके दिवस माझ्याजवळच ठेवलं, आणि रोज त्याने जळले. पण हाक तुमची होती, ताई. मी ठेवून काय करू? तुमची तुम्ही घ्या.

वल्हं मात्र मी मारलं.

लोभ माझाही हळूहळू वळतो आहे.

तुमची,
तेजल