मायनस बाजूचे पाय

३ तारीख, शुक्रवार

आणि एका ट्रान्सफॉर्मरसाठी कोणी घर सोडतं का? चोरून विकला नाही मी. दुकानात गिऱ्हाईक जळका चार्जर घेऊन डोक्यावर बसलं होतं, तसलाच ट्रान्सफॉर्मर घरी धाकटीच्या टेबलावर होता. तिच्या डब्याचे चार स्क्रू काढले, वायरी कापल्या, गिऱ्हाईक वाटेला लागलं. तिला दुसरा गुंडाळून दिला असता की. अठरा वर्षं दुकानात मोटारी वाइंड करते मी, तांब्याची तार गुंडाळते. ट्रान्सफॉर्मर म्हणजे मला वेणी घालण्यासारखं.

पण हिची परीक्षा नेमकी दुसऱ्या दिवशी. तीनदा सांगितलं होतं म्हणे. मी कामात असताना सांगितलेलं सांगितल्यात धरत नाही मी.

चौदा महिने बसून तिने आवाज काढणारी पेटी केली. बटण पिळलं की कधी बासरी, कधी मांजर. पेटीला करंट देणारा डबा वेगळा, त्याला पॉवर सप्लाय म्हणतात. त्यातलाच ट्रान्सफॉर्मर मी काढला. परीक्षकांसमोर पेटी मुकी. घरी आली, पेटी टेबलावर ठेवली, कपडे भरले, थोरलीच्या घरी गेली. आईला एक शब्द नाही.

परीक्षकांनी चोवीसला परत बोलावलंय, थोरलीने कळवलं. तेव्हाही नाही वाजली तर वर्ष गेलं.

ठरवलं. सप्लाय मीच करून देणार. तिच्यापेक्षा चांगला. दहा तारखेच्या आत.

५ तारीख, रविवार

थोरली पेटी न्यायला आली. दिली नाही. म्हटलं, जिची आहे तिने यावं. थोरली म्हणाली, आई, तिला कॉलेजातून सप्लाय मिळतोय, फक्त पेटी दे. म्हटलं, लोकांचे डबे कशाला, घरचा होतोय. तर म्हणे पेटी ओलीस धरतेस. उचलली जीभ लावली टाळ्याला.

चहा न घेता गेली.

७ तारीख, मंगळवार

धाकटीची वही सापडली. सप्लायची आकृती आहे. मी चौथीत शाळा सोडली, पण आकृती मला कळते. एका बाजूला प्लस बारा व्होल्ट, दुसऱ्या बाजूला मायनस बारा, मध्ये शून्य. पेटीला दोन्ही लागतात. दोन्ही बाजू आरशात बघितल्यासारख्या. एक केली की दुसरी केलीच.

बाजूला लाल शाईत इंग्रजीत काहीतरी खरडलंय. आमचे हे म्हणाले, वाचून दाखवू? म्हटलं, तुम्ही तुमचा पेपर वाचा.

८ तारीख, बुधवार

ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. जेवणाच्या सुट्टीत, दुकानातच. मालक बघत उभे राहिले, म्हणाले, मशीनलाही असा सफाईदार जमत नाही. ते कधी बोलत नाहीत. हिशेबापेक्षा थोडे वेढे जास्तच घातले. मुलीला कमी पडायला नको.

निम्मं काम झालं.

१२ तारीख, रविवार

दहाच्या आत झालं नाही कारण पार्टवाल्याचं दुकान बंद. कोणी मेलं असेल त्याचं, पण पाटी तरी लावायची.

आज मिळाले. रेग्युलेटर म्हणून काळे तीन पायांचे पार्ट असतात, किती का व्होल्ट येईना, पुढे बाराच सोडतात. एक प्लसचा, एक मायनसचा. जुळे. नंबर सोडला तर ओळखू येत नाहीत. माझ्या दोन मुली अशा असत्या तर बरं झालं असतं. मी दोघींना सारखंच वागवलं, एकीने मानलं, दुसरीच्या नाकावर राग.

जुळे म्हणून दोघांना सारखंच जोडलं.

१४ तारीख, मंगळवार

करंट दिला. कपॅसिटर, म्हणजे करंट साठवणारी बारकी डबी, फुटला. मायनस बाजूचा. टोपण छताला लागलं, आतला कापूस पडद्यावर. हे मोरीतून साबणासकट बाहेर.

माल खराब.

हे म्हणाले, दुकानात सिरीजमध्ये बल्ब लावल्याशिवाय कशाला करंट देत नाहीस, बल्ब भगभगला की चूक कळते म्हणतेस, मग घरी का नाही लावलास? म्हटलं, त्या लोकांच्या मोटारी असतात. हे घरचं काम आहे.

१५ तारीख, बुधवार

पार्टवाल्याला झापायला गेले. तो म्हणाला, ताई, मायनस बाजूला कपॅसिटर उलटा लागतो. म्हटलं, मग विकताना तोंड शिवलं होतं का? तर म्हणे, त्या बाजूचं सगळंच एकदा बघून घ्या.

सगळं म्हणजे काय. कपॅसिटर बघितला, उलटा केला. झालं.

१९ तारीख, रविवार

जमलं. प्लस बाजूला मीटर लावला. बरोबर बारा. काटा हलत नाही. खुर्चीत बसून राहिले थोडा वेळ. ती इथे असती तर बोलली असती काहीतरी.

मायनस बाजूला मीटर लावायचा होता, पण एक बाजू बारा तर दुसरी बाराच असणार. भाजीही टाकली होती.

ह्यांनी निरोप आणला. धाकटी मंगळवारी संध्याकाळी स्वतः येते पेटी न्यायला. बघा. मी म्हटलंच होतं.

२० तारीख, सोमवार

डबा पुसला. उंबऱ्यात पाऊल टाकलं की पेटी वाजली पाहिजे. माफी वगैरे मागायची मला सवय नाही. वाजली की समजेल.

२१ तारीख, मंगळवार

दुपारी चारला पेटी जोडली. एकदा ऐकून ठेवावी म्हणून.

आधी मांजर. मग एक आवाज, असा मी कधी ऐकला नव्हता. मग वास. वाइंडिंग जळाल्याचा वास मी झोपेतही ओळखते, हा वेगळा होता. पेटी उघडली. दोन हिरव्या पट्ट्या, त्यावर ओळीने काळे चौकोनी पार्ट, निम्म्यांची पाठ फुटलेली. तिने प्रत्येकाखाली बारीक अक्षरात नंबर घातलेत. ते नीट वाचता येतात अजून.

मग मायनस बाजूला मीटर लावला. सव्वीस. रेग्युलेटरने अडवलंच नाही, आलं तेवढं पुढे सोडलं.

साडेपाचला बेल वाजली. मी उठले नाही. आई, म्हणाली. दोनदा. मग म्हणाली, आई, चप्पल दारात आहे तुझी.

मी पेटीवर टॉवेल टाकून बसले होते. टॉवेल कशासाठी टाकला माहीत नाही. दार तर बंदच होतं.

जिना उतरल्याचा आवाज आला.

२२ तारीख, बुधवार

सकाळी ह्यांच्यापुढे वही टाकली. म्हटलं, वाचा ते लाल. ह्यांनी चष्मा लावून वाचलं. मायनसच्या रेग्युलेटरचे पाय वेगळ्या क्रमाने असतात. प्लससारखे जोडू नयेत. दोन्ही बाजू मीटरने तपासल्याशिवाय पेटी जोडू नये.

वाचून झाल्यावर हे माझ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, आज सांग तिला, अजून दोन दिवस आहेत. माझ्या मनात आलं, चौदा महिन्यांचं काम आहे, दोन दिवसांत काय होतंय. वही माझ्याकडे ओढली. वहीत दोन रेग्युलेटर शेजारी शेजारी काढलेत, प्रत्येक पायाखाली आकडा. आकडे वेगळे आहेत. मला वाटलं होतं घाईत चुकली.

फोनवर मला बोलता येत नाही. थोरलीच्या हाती चिठ्ठी पाठवते. आधी इथे लिहून बघते.

पेटी जळाली. डबा मी केला होता. ट्रान्सफॉर्मर चांगला आहे, मालकांना विचार. काल मी घरात होते. कुठले पार्ट आणायचे त्याची यादी दे, नंबर मोठे काढ, पार्टवाल्याला मी बघते. सोल्डर तू मार, मी फक्त धरीन. आणि एवढं महत्त्वाचं होतं तर आपल्या अक्षरात का नाही लिहिलंस? चित्र होतं म्हणू नकोस. उद्या, गुरुवारी, सकाळी दहाच्या आत उत्तर पाहिजे. मी दुकानात जाणार नाहीये.