रविवारची फायनल

६ फेब्रुवारी
कोल्हापूर! बाकी सगळी शहरं गळली. राज्य महिला फुटबॉलची फायनल आता एक तर नागपूरला, नाहीतर कोल्हापूरला. ज्या शहरात फायनल, तिथेच मुलींचं कायमचं प्रशिक्षण केंद्र. म्हणजे हक्काचं मैदान. आमच्या मुली अजून क्रिकेटवाल्यांचा सराव संपायची वाट बघत कुंपणाला टेकून उभ्या असतात.

आणि कोल्हापूरची बाजू मांडणार कोण, तर अस्मिता. विद्यापीठाच्या संघात आम्ही दोघी बचावाला शेजारी शेजारी खेळायचो. ती उमरेडहून एसटीने यायची, मी धरमपेठेतून सायकलवर — तरी मैदानात आधी हजर तीच. लग्न होऊन ती कोल्हापूरला गेली. मी इथेच, नागपूरला. जिल्हा फुटबॉल संघटनेच्या महिला समितीची चिटणीस.

८ फेब्रुवारी
अस्मिताने व्हिडिओ पाठवला. साधा स्थानिक सामना, आणि मैदानाभोवती मुंगीला वाट नाही. गच्च्यांवर बायका. आमच्या मागच्या सामन्याला मुलींचे आईवडील होते आणि पाणीपुरीची गाडी लावलेला एक गुपचूपवाला.

"मस्तच" असं उत्तर धाडलं. खरं लिहायचं तर जळफळाट झाला. मला फायनल हवी आहे, की तिला ती मिळायला नको आहे? या दोन गोष्टी एक नाहीत. उत्तर माहीत आहे, लिहवत नाही.

१३ फेब्रुवारी
राज्य संघटनेकडून मैदानाची पाहणी झाली. वाट लागली.

मैदान मारोतराव सांभाळतात. त्यांची सगळी हयात क्रिकेटच्या खेळपट्ट्यांवर गेली. मी त्यांना सांगितलं होतं, बाहेरची माणसं येणार, मैदान टेबलासारखं दिसलं पाहिजे. त्यांनी गवत पार मुळाशी कापलं आणि जड रोलर फिरवत राहिले. मी रोज बघत होते. खूश होते! फुटबॉल खेळलेली बाई मी, फुटबॉलला मऊ गवत लागतं हे माझ्याही डोक्यात आलं नाही. आपल्या गावात चांगलं मैदान म्हणजे क्रिकेटचं, हे हाडात भिनलंय.

पाहणीला आलेल्या बाईंनी चेंडू टाकला, तो त्यांच्या चष्म्यापर्यंत उसळला. "कसोटी सामना घ्या इथे," म्हणाल्या. मारोतरावांना ती शाबासकीच वाटली. नंतर मी बोलले तर म्हणाले, "मॅडम, टेबल तं तुमीच म्हटलं." बरोबर आहे.

संघटनेचे अध्यक्ष गोपाळराव तर्री-पोह्याच्या गाडीवर सगळ्यांसमोर म्हणाले, "काय वं नंदिनी, पोरी पडल्या तं गुडघे कोण देईन, तू?"

सगळे हसले. मीही. मनात एकच — अस्मिताच्या हातून हे झालं नसतं.

१५ फेब्रुवारी
मैदानावर पाणी सोडलंय. त्या बाई दुसऱ्यांदा बघायला येणार म्हणे.

१९ फेब्रुवारी
अस्मिताचा फोन. इतकी वर्षं तिकडे राहून अजून "मले-तुले"च बोलते. मी मात्र कधीच सोडलं ते. त्याचाही हेवा वाटला, कमाल आहे.

म्हणाली, "नंदे, कोणाले सांगू नको. आमच्याकडं रविवार मिळून नाही राहिला. सगळे रविवार माणसांच्या सामन्यांले आधीच गेले. पोरींची फायनल मंगळवारी सकाळी खेळा म्हणतात."

मंगळवारी सकाळी! कोण येणार बघायला? मी "अगंबाई! नाही सांगत कोणाला" म्हणाले, आवाजात काळजी आणली. फोन ठेवल्यावर आरशात पाहिलं तर चेहऱ्यावर हसू.

२३ फेब्रुवारी
गोपाळरावांनी विचारलं, "तुह्या मैत्रिणीकडं काही कमजोरी असन तं सांग ना वं. वरती कळवून टाकू."

म्हटलं, मला काही माहीत नाही.

घरी येताना स्वतःवर खूश होते. शब्द पाळला. मग शंका — शब्द पाळला, की तिच्यापेक्षा मोठं ठरायची एक संधी साधली? तरी गप्पच राहणार. एवढं एक तरी माझं चोख असू दे.

२ मार्च
नागपूर! फायनल आपली, केंद्र आपलं. गोपाळराव महाल भागातल्या दुकानातून पेढे घेऊन आले. मुली ओल्या गवतात लोळल्या. चष्मेवाल्या बाईंनी दुसऱ्यांदा मैदान पाहून मान डोलावली होती, त्यामुळे मला वाटलं, पाण्याने तारलं.

३ मार्च
मैदानाचा काही संबंध नव्हता. त्याच बाईंचा फोन होता. कोल्हापूरची माघार अस्मितानेच घेतली. आपल्या लोकांशी भांडून, सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली, पोरींना रविवार देता येत नसेल तर फायनल नागपूरला द्या.

मी गप्प राहिले तेव्हा मंगळवारच्या रिकाम्या मैदानात खेळणाऱ्या मुली माझ्या डोक्यात एकदाही आल्या नव्हत्या.

तिला फोन करायचा आहे. काय म्हणू?