मुसक्याच्या गाठी आणि मनूचा गोळा

सोमवार, संध्याकाळ

बऱ्याच दिवसांनी वही उघडतोय, माफ कर. हातच चालत नव्हता.

मनू, माझी नात, पुण्याच्या प्रयोगशाळेत जेलीसारखा गोळा बनवते. त्यात कृत्रिम सूक्ष्म धागे असतात, आपल्या स्नायूतल्यासारखे. खाद्य दिलं की गोळा आपला आपण आक्रसतो. पण तिचा दर वेळी मधूनच फाटतो. आता शेवटचा प्रयत्न, नाहीतर विषय बदला, असं तिच्या सरांनी सांगितलंय.

फोनवर मीच शहाणपणा केला. "धागे एकमेकांना बांधणाऱ्या गाठी कमी पडत्यात, मनू. लई गाठी मार."

"मारते, आबा. बिघडलं तर सरांना तुमचं नाव सांगीन," ती हसली.

आज बेल्ह्याच्या बाजारात बैलाला मुसकं घालत होतो. तोंडाला बांधायची ही दोरीची जाळी मीच विणली, टिकावी म्हणून गाठीला गाठ मारून. ती ताणेचना, जबड्यावर चढेचना. शेजारचा व्यापारी म्हणाला, "पावणं, तोंड बांधताय का शिवताय?"

सगळे हसले. मनूचा गोळाही असाच आखडला तर? फाटणार नाही, पण हलणारही नाही. तिनं खरंच गाठी वाढवल्या असतील? म्हाताऱ्याचं कोण ऐकतं... पण ती ऐकते, हीच तर भीती. फोन लावला, बंद.

घरी येऊन मुसक्याच्या निम्म्या गाठी सोडल्या. आता ताणतंय. हे तिला कसं सांगू?

मनू, पोरी, गोळा हलला का? एवढंच लवकर कळव गं.