रोमा इटालियन, गुलशन नगर ब्रँच

२८ ऑगस्ट, बुधवार
निर्णय पक्का. रोमा इटालियनची दुसरी ब्रँच गुलशन नगरात. रेल्वे गेट ओलांडलं की कोळशाच्या रोडला लागूनच. घर आयशाबींचं. खाली हॉल आणि किचन, वर त्या राहतात. शेजारी त्यांचा मुलगा जफर याचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज.

दीपाला विचारलं. ती कांदा चिरत होती. म्हणाली, एक हाय ते तर धड चालू द्या. बायकोला व्हिजन समजावून सांगावं लागतं. बस स्टँडजवळचं आपलं रोमा वणीत नंबर एक आहे ते कशामुळे? काउंटरवर मी बसतो म्हणून. दीपा पास्ता करते, ऑर्डरी घेते, माल आणते, टेबलं बघते. ते काम झालं. इमेज माझी.

१ सप्टेंबर, रविवार
नवीन ब्रँचचं तत्त्व ठरवलं: शुद्ध इटालियन. दीपा व्हाइट सॉसमध्ये ठेचा घालते. कॉलेजच्या पोरी बोटं चाटत खातात, पण म्हणून काय तत्त्व सोडायचं? गुलशन नगरात ठेचा नाही, कांदा नाही, लिंबू नाही.

ओव्हन आणि रामधन, दोन्ही तिकडे नेणार. रामधन आपला जुना कुक. ओव्हन दीपानं हट्टानं घेतलेला, रोज स्वतः पुसते. घेऊन जातो म्हटलं तर तिनं आधी पुसायचं फडकं धुऊन वाळत घातलं. मग म्हणाली, न्या. मी ही मनापासून दिलेली संमती समजतो.

१५ सप्टेंबर, रविवार
उद्घाटन दणक्यात. बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, आयशाबींच्या हस्ते फीत कापली. अख्खा मोहल्ला आला. पिझ्झा सगळ्यांनी खाल्ला. जफरचा एक मेकॅनिक हळूच म्हणाला, भाऊ, याच्यासंग भाजी कोणती देता? त्याला समजावलं की भाजी वरतीच असते. त्यानं शिमला मिरचीचा तुकडा उचलून पाहिला आणि मान हलवली.

आयशाबींनी विचारलं, रोमाबाई नाही आल्या काय? त्यांना वाटतं माझ्या बायकोचं नाव रोमा. दीपा आली होती, पण दारातूनच परत गेली. जुन्या ब्रँचला गर्दी होती म्हणे. एकटीला जमत नसणार. माझी उणीव जाणवत असेल.

१८ सप्टेंबर, बुधवार
रोडवरून दिवसभर कोळशाचे ट्रक. पांढरे टेबलक्लॉथ दुपारपर्यंत करडे होतात. आज सगळे काढून काळे टाकले. आता फारच क्लासी दिसतं. अडचणीतून संधी काढणं प्रत्येकाला जमत नाही.

गिऱ्हाईक नाही. कारण सापडलं. पितृपक्ष लागलाय, लोक नवीन काही करत नाहीत. गुलशन नगरात पितृपक्ष कितीजण पाळतात हे विचारायचं राहिलं.

२५ सप्टेंबर, बुधवार
आयशाबी खाली आल्या. म्हणाल्या, बेटा, तुह्यं दूध नासलं काय? वरपर्यंत वास येऊन राह्यला. मी म्हटलं, ते चीज आहे. त्या म्हणाल्या, फेकून दे, मी दुसरं देतो. आणि खरंच पातेलंभर ताजं दूध पाठवलं. रामधननं त्याचा चहा केला. गॅरेजवाले येऊन पिऊन गेले. एक प्रकारे ही पहिली मोठी ऑर्डर. पैसे कसे मागणार, दूध त्यांचंच.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
नवरात्र. उपास. मग सोयाबीन काढणी. मग दिवाळीची खरेदी. मार्केट समजून घेतलं तर घाबरण्यासारखं काही नाही.

दुपारी आयशाबींनी जिन्यावरून दालचा-चावल पाठवलं. चणाडाळीत दुधी आणि मटण, वर भात. मी नम्रपणे परत करायला सांगितलं, इटालियन किचनमध्ये हा वास बसत नाही. रामधन ताट घेऊन वर गेला. बऱ्याच वेळानं रिकामं ताट घेऊन खाली आला.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
रामधन गेला. म्हणाला, भाऊ, दिवसभर उंच टोपी घालून नुसतं बसून मले चक्कर येते, वहिनीकडे जातो. मी म्हटलं, जा, पण पस्तावशील. तो म्हणाला, टोपी कुठं ठेवू?

आता शेफ मीच. बरं झालं. क्वालिटी आपल्याच हातात राहते.

१२ ऑक्टोबर, शनिवार
पिझ्झा जळाला. ओव्हनमध्ये दोष आहे. दीपाला फोन केला. ती म्हणाली, आधी तापू द्या, मग ठेवा, आणि मधे मधे दार उघडू नका. तेच तर मी करत होतो. दार उघडल्याशिवाय जळतंय का नाही हे कसं कळणार?

२० ऑक्टोबर, रविवार
जुन्या ब्रँचला सरप्राइज व्हिजिट. ओव्हन नाही, रामधन नुकताच परतलेला, मालक नाही. पडझड बघायची मनाची तयारी करून गेलो.

बसायला जागा नव्हती. ओव्हन गेल्यावर दीपानं तव्यावर पिझ्झा सुरू केला. पोरी उभ्यानं खात होत्या. मी काउंटरकडे गेलो तर माझी खुर्ची एका टेबलाला लावलेली, तिथं एक कुटुंब बसलेलं. काउंटरवर क्यूआर कोडचा स्टँड. लोक फोन दाखवतात आणि जातात.

दीपानं मला बघितलं. म्हणाली, आले काय? जरा ते पाण्याचे जग भरून द्या. भरून दिले. मी घालून दिलेली सिस्टिम माझ्याशिवायही चालते, याचा अर्थ सिस्टिम मजबूत आहे. गुलशन नगरला परतताना मात्र का कोण जाणे, रेल्वे गेट उघडं असूनही थोडा वेळ तिथंच उभा राहिलो.

१० नोव्हेंबर, रविवार
दिवाळी झाली. आता लग्नसराईची वाट. जफर म्हणाला, अतुलभाऊ, हॉल रिकामाच हाय तर ट्रकच्या सीटा ठेवू देता काय, पावसाचं काही सांगता येत नाही. पाऊस केव्हाच संपला. पण शेजारधर्म. कोपऱ्यात तीन सीटा. लाउंजसारखं दिसतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी.

मुकुटबनकडे एका सिमेंट कारखान्यात मशीन बसवायला इटलीचा इंजिनियर आलाय. नाव सिल्व्हानो. त्याची गाडी बिघडली आणि ड्रायव्हर डोंगरसिंग ती कशीबशी जफरच्या गॅरेजला घेऊन आला. गोरा माणूस उतरला, माझा बोर्ड वाचला आणि हसला. आनंदानं हसला असणार.

मी धावत जाऊन त्याला आत आणलं. व्हाइट सॉस पास्ता दिला, शुद्ध, बिनठेच्याचा. त्यानं काटा फिरवला. डोंगरसिंगला इंग्लिशमध्ये विचारलं हे काय आहे. मी म्हटलं, युवर फूड, सर. तो म्हणाला, माइन? मग दोन घास खाल्ले. फार सभ्य माणूस. उरलेलं रुमालाखाली झाकून ठेवलं, जसं आपण झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालतो.

तेवढ्यात आयशाबींनी जफरचं जेवण गॅरेजमध्ये पाठवलं. दालचा. तो माणूस वासाच्या मागं गेला. डोंगरसिंग सांगत होता, साहेब इथं आल्यापासून ब्रेड आणि केळीवर होते, कँटीनचं पोटाले झेपत नव्हतं. सिल्व्हानो टायरवर बसला, हातानं जेवला. मागून घेतलं. नंतर आयशाबींना भेटायला वर गेला आणि त्यांच्यासमोर कमरेत वाकून उभा राहिला. त्या म्हणाल्या, बस बेटा, दुबळा झाला किती.

भूक माझ्याकडे लागली हे विसरून चालणार नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार
सिल्व्हानो रोज येतो. गाडी केव्हाच दुरुस्त झाली तरी येतो. आता दालच्याचं ताट घेऊन हॉलमध्येच बसतो, टायर टोचतात म्हणून. म्हणजे रोमा इटालियनचा नियमित इटालियन ग्राहक. त्याला विचारून फोटो काढला, फ्लेक्स लावला: खरे इटालियन इथे जेवतात. यात एक अक्षरही खोटं नाही.

१ डिसेंबर, रविवार
फ्लेक्सनं कमाल केली. गाड्या थांबतात. ट्रकवाले, खाणीतले कामगार, राळेगावहून वधू बघायला निघालेली एक पार्टीसुद्धा. सगळे म्हणतात, त्या गोऱ्यानं खाल्लं ते द्या. मी पास्ता दिला. पार्टीतल्या एका आजोबांनी तो उचलून पोराला विचारलं, काहून रे, हे शिजलं नाही काय? मग फोटोकडे बोट दाखवून म्हणाले, हे नाही, ते. फोटोत ताट स्पष्ट दिसतं. कॅमेरा चांगला होता.

आयशाबींना विनंती केली, थोडं जास्त कराल का, फक्त आजच्यापुरतं.

८ डिसेंबर, रविवार
आयशाबी आता खालच्या किचनमध्ये करतात. वरून पातेलं उतरवताना जिन्यावर धोका होता. सोबत त्यांच्या दोन भाच्या. ओव्हनमध्ये ताटं गरम ठेवतात, झकास राहतात. मला सांगितलं, बेटा, तू मधी मधी नको येऊ, प्लेटा उचल. मेनू कार्डं गॅरेजवाले हात पुसायला घेऊन गेले. मी जोरात विरोध करणार होतो, पण पंगत बसलेली, कोणीतरी पाणी मागितलं.

तात्पुरतं आहे. लोकांना जागेची सवय लागली की हळूच पास्ता आणायचा.

१५ डिसेंबर, रविवार
हळूच आणला. भातासारखा दिसावा म्हणून बारीक पास्ता उकडून दालच्याखाली वाढला. पहिल्याच माणसानं ताट बाजूला सारलं. आयशाबी बाहेर आल्या, ताट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. नवीन ताट वाढून स्वतः त्याच्यासमोर ठेवलं आणि त्याची माफी मागितली. पोटच्या पोरानं चूक केल्यावर मागतात तशी.

आज काही लिहावंसं वाटत नाही.

१२ जानेवारी, रविवार
सिल्व्हानो गेला. मशीन बसली. जाताना आयशाबींच्या पाया पडला, हे त्याला डोंगरसिंगनं शिकवलं. मला मिठी मारली आणि म्हणाला, थँक यू फॉर द प्लेस. फूडबद्दल म्हणायचं विसरला असेल.

१९ जानेवारी, रविवार
दीपा आली, टेम्पो घेऊन, रामधनसोबत. ओव्हन न्यायला. मी तेव्हा दोन्ही हातांत ताटं घेऊन उभा होतो, खांद्यावर फडकं. तिनं मला असं कधी पाहिलं नव्हतं. घरी मी बसल्या जागी पाणी मागतो. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, तुम्ही जेवले काय? दुपार टळून गेली होती. मी नाही म्हणालो.

तिनं मला बसवलं. आयशाबींनी वाढलं. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा दालचा खाल्ला. काय सांगू. तत्त्व म्हणून सांगतो की ठीक होता. तीनदा घेतला.

मी जेवत असतानाच दोघी बोलल्या आणि सगळं ठरवून टाकलं. हॉटेल आयशाबी चालवणार. ओव्हन दीपाचा. बोर्ड बदलायचा. माझं मत विचारायला दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं, पण तोंडात घास होता.

मी म्हटलं, ठीक आहे, मी उद्यापासून परत काउंटरवर बसतो. दीपानं ओव्हनवरची धूळ पुसली. मग अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाली, तिकडं आता बसायचं काही काम नाही उरलं. आयशाबी म्हणाल्या, राहू दे इथंच, रोमाबाई. पोरगं प्लेटा चांगल्या उचलते.

दीपानं नाव दुरुस्त केलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
नवीन बोर्ड लागला: आयशाबी दालचा सेंटर. पेंटरनं अक्षरं चांगली काढली. मी शिडी धरली होती.

आज खूप गर्दी. वणीच्याच एका मास्तरांना पाणी दिलं. ते पहिल्यांदाच आले होते. मला खालीवर पाहून म्हणाले, नवीन लागले काय इथं? मी सांगणार होतो. कंपनी, व्हिजन, दोन ब्रँच, सगळं जिभेवर आलं होतं. मागून आयशाबींनी हाक मारली, ताटं थांबली होती.

मी म्हटलं, हो, नवीनच.

ते म्हणाले, टिकून राहा. मालकीण चांगली दिसते.