बैठकीतल्या लाल गाडीची विल्हेवाट

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस, शाळेत विज्ञान शिकवणारी, अविवाहित, दवाखान्याच्या पलंगावर उशीला टेकून हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी फुप्फुसे निकामी होत आली आहेत, डोके शाबूत आहे. दोन्ही गोष्टी डॉक्टरांनी तपासल्या आहेत. दुसरीचा दाखला मी मागून घेतला आणि सोबत जोडला, कारण हे वाचल्यावर घरचे सर्वांत आधी "तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं" असेच म्हणतील. मला कोणी भरीस घातलेले नाही, धाक दाखवलेला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. धाकट्या भावाचे लग्न येत्या आठवड्यात आहे आणि त्याआधी हे लिहून संपवणे मला भाग आहे.

१. या पत्राची अंमलबजावणी आमच्या शाळेच्या हेडबाईंनी करावी. त्या नात्यातल्या नाहीत, म्हणूनच त्यांना निवडले. त्यांना कोणी "बाई, घरातली गोष्ट घरात राहू द्या" असे सांगितले, तर त्यांनी पुढचे कलम वाचायला घ्यावे.

२. माझ्या नावावर घर नाही, जमीन नाही. बँकेत जे आहे ते दवाखान्याला पुरले तर पुरले. नावावर मोठी अशी एकच वस्तू आहे: बैठकीच्या खोलीत उभी असलेली लाल जपानी स्पोर्ट्‌स गाडी. दोन दारे, दोन सीट, लांब नाक, आखूड शेपूट, सहा सिलिंडर. ती माझीच कशी, हे लिहून ठेवते, कारण घरात आता ती प्रत्येकाची झाली आहे.

बाबा एका कारखान्याच्या मोठ्या साहेबांकडे ड्रायव्हर होते. मी पदवी घेतली तेव्हा ते मला पेढे घेऊन साहेबांच्या पाया पडायला घेऊन गेले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. साहेब खुशीत म्हणाले, "वा! काय हवं तुला? माग." बाबा माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होते. मी म्हटले, "मागच्या शेडमधली ती गाडी." ती तिथे कित्येक वर्षे पडून होती, तिच्यात कोंबड्या अंडी घालत. साहेब पोट धरून हसले आणि त्यांनी कागद माझ्या नावावर करून दिले.

फाटकाबाहेर आल्यावर बाबांनी कपाळाला हात लावला. "अगं, नोकरी मागायची! मागून मागितलंस काय, तर गंज!"

माझी श्रद्धा साधी होती. दुसऱ्याने टाकून दिलेली चांगली वस्तू आपल्या हाताने पुन्हा उभी करता येते आणि ती उभी करणारा माणूसही त्यात सुधारतो, असे मला वाटे. पहिल्या अर्ध्यावर माझा अजूनही विश्वास आहे.

३. गाडी ठेवायला जागा नव्हती, म्हणून बैठकीच्या खोलीचे दार काढून रुंद दुहेरी लाकडी दार बसवले आणि सोफा विकला. पाहुणे आले की त्यांना गाडीच्या सुट्या सीटवर बसवायचो. जमिनीलगत बसावे लागे, गुडघे हनुवटीला लागत. मला पाहायला आलेल्या एक बाई त्या सीटवर बसूनच माझी नखे न्याहाळत आईला म्हणाल्या, "हे काळं धुतल्यावर जातं ना?" आई म्हणाली, "जातं, जातं." ते जात नसे.

दुरुस्तीचे पुस्तक मिळाले ते जपानीत. मी चित्रे पाहून शिकले. तळाचा पत्रा गंजून चाळणी झाला होता, तो कापून नवा जोडला. दारांखालची पट्टी कापण्याआधी आत आडव्या सळया मारून सांगाडा बांधून घेतला, नाहीतर मधोमध झुकतो आणि दारे कधीच लागत नाहीत. इंजिन स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उघडले. पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे दोन कार्ब्युरेटर आहेत, दोघांनी सारखा श्वास घ्यावा म्हणून मी त्यांना नळी लावून कान देऊन बसायची. हे सगळे चालू असताना धाकटा दारातून जाताना म्हणायचा, "ताई, तुझा खटारा आज पादला का?" त्याने या गाडीला लावलेला हात म्हणजे एकदा बॉनेटवर ठेवलेला चहाचा कप. त्याची गोल खूण मला घासून काढावी लागली.

४. माझी सगळी हत्यारे, पाने, जॅक आणि वेल्डिंगचा चष्मा शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावा. ती कपाटात कुलपात ठेवू नयेत. एखादी मुलगी बोट चेचून घेईल. चेचू द्यावे, बोट बरे होते.

५. आता मी आजारी कशाने पडले ते लिहिते. घरात सांगितले जाते की मला लहानपणापासून दमा होता. मला दमा नव्हता. शाळेच्या शर्यतीत मी पहिली यायची.

गाडी रंगासाठी तयार झाली तेव्हाच धाकट्याचे जमत आले होते. मुलगी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. तिच्यावर छाप पाडायला त्याने सांगून टाकले की घरात एक जुनी स्पोर्ट्‌स गाडी आहे आणि ती त्याने स्वतः उभी केली आहे. मुलीकडचे रविवारी येणार होते.

हा रंग दोन डब्यांचा असतो. एकात रंग, दुसऱ्यात तो कडक करणारा हार्डनर. फवारताना हार्डनर श्वासात गेला तर फुप्फुस जळते. डब्यावर तसे छापलेले आहे आणि मी ते घरात मोठ्याने वाचून दाखवले होते. बाहेरची हवा नळीने आणणारा मुखवटा मी सांगून ठेवला होता, तो मंगळवारी मिळणार होता.

धाकटा म्हणाला, "मंगळवारी काय आरती करू त्याची? रविवारी माणसं येतायत. तुला जमत नसेल तर सांग, मी ब्रशनं फासतो." आणि तो खरेच ब्रश घेऊन आला. इतक्या वर्षांच्या कामावर तो ब्रश फिरणार, हे मला सोसले नाही. माझ्याकडे कोळशाचा साधा मुखवटा होता. ठरले असे: दारे-खिडक्या लावून मी एक हात मारायचा, दार ठोठावायचे, त्यांनी लगेच दार उघडायचे, मी अंगणात येऊन हवा घ्यायची, मग दुसरा हात. कडी बाहेरून होती, कारण आतल्या बाजूला प्लॅस्टिक ताणून चिकटवले होते. बाबा म्हणाले, "मी दारातच बसतो, तू ठोकलंस की उघडलं समज."

पहिल्या वेळी उघडले. दुसऱ्या वेळी मी ठोठावले तेव्हा बाहेर वारा सुटला होता. त्यानंतर दाराबाहेर जे बोलणे झाले ते मला स्पष्ट ऐकू येत होते. लाकूड पातळ आहे.

"बाबा, आत्ता उघडू नका. सगळी धूळ ओल्या रंगावर बसेल."

"थांब गं जरा," बाबा मला म्हणाले, "वारा पडू दे."

मी दोन्ही हातांनी दार बडवले.

आई म्हणाली, "अहो, उघडू का? ती खोकतेय."

"तुला काय कळतंय त्यातलं? रंग वाळेस्तोवर खोकेल, मग थांबेल," धाकटा म्हणाला. "रविवारी काय, धूळ चिकटलेली गाडी दाखवू?"

बाबा जागचे उठले नाहीत. आईने उघडले नाही.

खिडकीची काच मला फोडता आली असती, हातोडी जवळ होती. खिडकी गाडीच्या नाकासमोर आहे आणि काचा ओल्या बॉनेटवर पडल्या असत्या. तेवढ्यासाठी मी हातोडी खाली ठेवली. त्या घरात सगळ्यांनाच रंगाची काळजी होती.

वारा पडल्यावर त्यांनी दार उघडले. धाकटा माझ्यावरून पाय टाकून आत गेला आणि म्हणाला, "आई शप्पथ, आरसा!"

रंग खरोखर आरशासारखा आला आहे. त्यावर धुळीचा एक कण नाही.

६. बाबांना मी माझी पदवी देत आहे. ती चौकटीसह बैठकीच्या भिंतीवर आहेच, त्यांनी ती काढू नये. मी इथे भरती झाल्यावर ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "एवढी शिकलेली तू, तुला कळायला हवं होतं." मला कळले होते, बाबा. मी ते तुम्हाला वाचून दाखवले होते. आल्यागेल्याला "आमच्या घरातली पहिली" असे म्हणत तुम्ही ती चौकट दाखवता, ते चालू ठेवा. गाडी गेल्यावर त्या खोलीत सोफा घ्या आणि मी गेल्यावर भेटायला येणाऱ्यांना तिथेच बसवा. खिडक्या उघड्या ठेवा. आता धूळ आली तरी चालेल.

७. आईला माझ्या सोन्याच्या दोन बांगड्या आणि सगळे कपडे द्यावेत. आई, तू "उघडू का?" असे विचारलेस, हे मी विसरलेले नाही. विचारलेस कोणाला, हेही विसरलेले नाही. कडी तुझ्या हाताच्या उंचीवर होती. तू रोज येऊन माझे पाय चेपतेस आणि रडतेस. चेपतेस ते बरे वाटते. रडणे बंद कर, त्या आवाजात मला झोप लागत नाही. गाडी बाहेर काढायच्या दिवशी ते दार तू उघडायचेस, कोणालाही न विचारता. माझ्याकडून तुला याहून मोठी माफी मिळणार नाही.

८. धाकट्या भावाला मी काहीही देत नाही. ही नजरचूक नाही. माझे लग्न, माझी मुले, मी रस्त्यावर चालवलेली ती गाडी, यांपैकी त्याच्यामुळे माझ्या वाट्याला जेवढे आले तेवढेच त्याला मिळावे, म्हणून पुष्कळ विचार करून हे कलम कोरे ठेवत आहे. गेल्या आठवड्यात या खोलीबाहेर तो डॉक्टरांना विचारत होता, "लग्नापर्यंत तरी तग धरेल ना? नाहीतर हॉल पुन्हा मिळायचा नाही." धरेल, असे डॉक्टर म्हणाले. मीही तसा प्रयत्न करत आहे.

९. गाडी, तिची चावी, कागद आणि जपानी पुस्तक मी धाकट्याच्या होणाऱ्या बायकोला देत आहे. लग्न झाले तरी आणि मोडले तरी. गाडी तिच्या एकटीच्या नावावर व्हावी.

ती मला एकदा भेटायला आली होती. माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता. धाकटा शेजारी उभा राहून संत्रे सोलत होता आणि स्वतःच खात होता. ती म्हणाली, "ताई, दारांच्या फटी इतक्या सारख्या आल्यात! मी यांना विचारलं, कशा जमवल्या? तर म्हणतात, हाताला सवय असते."

धाकटा म्हणाला, "असतेच."

मग तिने त्याला पाणी आणायला पाठवले आणि तो दाराबाहेर गेल्यावर वाकून हळूच म्हणाली, "मी यांना विचारलं, कार्ब्युरेटर किती आहेत? तर म्हणाले, 'लागतील तेवढे.' ताई, गाडी कुणी केली?"

मी मुखवटा काढायला हात नेला. तोवर तो पाणी घेऊन परत आला होता. ती निघाली तेव्हा दारात थांबून माझ्या नखांकडे बघत होती.

तिच्यासाठी सूचना: सकाळी इंजिन थंड असताना चोक पूर्ण ओढावा, गाडी सुरू झाली की हळूहळू आत ढकलावा. दुसरा गिअर रागीट आहे, त्याला घाई करू नये. चालते अप्रतिम. अंगणाबाहेर ती अजून गेलेली नाही.

१०. मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होते आणि लग्न तर पुढच्या आठवड्यात आहे. हेडबाई म्हणाल्या, "मग तिला आधी कळणार कसं? आणि तुझ्या भावाचं काय? जरा जास्तच होतंय गं." मी मुखवटा बाजूला करून म्हटले, "बाई, ती त्या घरात राहायला जाणार आहे." त्यावर त्यांनी पेन उचलून माझ्या हातात दिले.

म्हणून असे ठरवले आहे. आज भेटीच्या वेळेत धाकटा तिला घेऊन येणार आहे. लग्नाआधी मोठ्या बहिणीचा आशीर्वाद घ्यायचा, ही त्याचीच कल्पना. तोवर साक्षीदारांच्या सह्या झालेल्या असतील. हेडबाईंनी ही प्रत तिच्या हातात द्यावी आणि तिने ती इथेच, माझ्या पलंगाशी, पहिल्या ओळीपासून वाचावी. तिने काही विचारले तर मी मानेने हो किंवा नाही सांगेन. धाकट्याला बाहेर पाठवू नये. त्याला बसायला खुर्ची द्यावी आणि तिचे वाचून होईपर्यंत त्याच्याशी कोणी बोलू नये.

वरील सर्व मी लिहिले, वाचले आणि ते मला मान्य आहे.

सही: लिहून देणार, विज्ञानाची शिक्षिका

आमच्या समक्ष तिने सही केली. तिच्या समक्ष आम्ही केली. यातले आम्हा दोघांना काही मिळणार नाही.

साक्षीदार पहिला: सही, छातीचे डॉक्टर
साक्षीदार दुसरी: सही, दुपारपाळीची नर्स

स्थळ: दवाखाना, दुसरा मजला, खिडकीजवळचा पलंग
दिनांक: लग्नाच्या आधीचा शनिवार, भेटीची वेळ सुरू होण्यापूर्वी