परदेशी पोरीच्या बापासाठी

आई, आज आमच्या युनिव्हर्सिटीत जागतिकीकरण आणि संस्कृती या विषयावर दिवसभर चर्चासत्र होतं. हो, तीच टेकडीवरची युनिव्हर्सिटी, जिच्यासाठी आपला माळ गेला आणि जिला तू शेवटपर्यंत ‘वरचं कालिज’ म्हणत राहिलीस. आता मी तिथंच परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात काम करते. तुला कळलं असतं तर पिरंगुटच्या बाजारात भाजीवालीलासुद्धा सांगत सुटली असतीस. एका विद्वान गृहस्थांनी आपली संस्कृती कशी बुडत चाललीय ते सांगितलं, एका बाईंनी ती कशी बहरतेय ते सांगितलं, आणि मग सगळ्यांनी मिळून पनीर खाल्लं. मला मात्र सारखी तू दिसत होतीस, पिठाच्या डब्याचं झाकण गच्च लावताना.

माळाच्या पैशांतून आप्पांनी घरावर खोल्या काढल्या. वर कॉलेजच्या फाटकाला देशोदेशीचे झेंडे लागले होते, पण वसतिगृह काही पुरं होत नव्हतं, म्हणून पोरंपोरी गावात खोल्या शोधत फिरायच्या. आपल्याकडे आली ती इथिओपियाची मुलगी. पहिल्या दिवशी तू बजावलंस, “भाडं द्यायचं आन आपल्या खोलीत ऱ्हायचं.” आठवडाभरात ती आपल्या पंगतीला. तिच्या देशात आंबवलेल्या पिठाची भाकरी खातात एवढं तिनं सांगायची खोटी, तू पीठ आंबवून घावनं घातलीस. तिच्या घरच्यासारखी मुळीच झाली नव्हती म्हणे, पण तिनं ताट चाटूनपुसून साफ केलं. तेव्हा मी कॉलेजात होते, आणि खरं सांगते, जळफळाट व्हायचा माझा. माझ्या आवडीचं कधी एवढं केलं होतंस?

तिचं शेवटचं वर्ष. परीक्षा तोंडावर आलेली, आणि सकाळी फोन येतो, तिचा बाप गेला. तिकडे माती लगोलग देतात, ही निघाली तरी पोचणार नव्हती. आणि गेली असती तर परीक्षा बुडाली असती, पुन्हा यायला पैसा कुठला. ती वर खोलीत कडी लावून बसली. तू खाली गॅस बंद केलास, मळायला घेतलेलं पीठ परत डब्यात ओतलंस, झाकण गच्च लावलंस आणि भिंतीला टेकून बसलीस. शेजारच्या घरातली थोरली काकू दारातूनच ओरडली, “काय गं, भाडेकरणीचं सुतक पाळतियास व्हय? कुटली कोण ती!”

“सुतक न्हाई पाळत,” तू म्हणालीस. “पोरीचा बा गेलाय. आन मी हितं तिच्या नाकाखाली फोडणी घालू व्हय?”

“आन खाशीला काय?”

“दुखाच्या घरात शेजारनं भाकरी येती. तुला ठावं न्हाई का?”

काकू फणकाऱ्यानं निघून गेली. मलाही तुझा राग आला होता, कारण मला सपाटून भूक लागली होती आणि काकू भाकरी आणेल अशी लक्षणं काही दिसत नव्हती.

दुपारी ती खाली आली, खांद्यावर बॅग. डोळे सुजलेले. थंड शेगडीकडे बघत ती इंग्रजीत मला म्हणाली, मला समजलं, आंटीला मी आता इथं नको आहे. रडणारी माणसं कुणाच्या घरात नको असतात. मी परत जाते, परीक्षा राहू दे. तू मला ढोसलंस, “काय म्हनतिया?” मी सांगितलं. आई, त्या वेळचा तुझा चेहरा! तू तिची बॅग ओढून घेतलीस आणि मला म्हणालीस, “सांग तिला, नीट सांग.” मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत गेले, की आमच्याकडे घरात कुणी गेलं की त्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात. ती तिथंच खाली बसली. मग म्हणाली, आमच्याकडेही शेजारीच आणतात. पण इथं माझ्यासाठी कोण आणणार, असं वाटलं मला. एवढं बोलून ती जी रडायला लागली, ती तुझ्या मांडीवरच.

दिवेलागणीला काकू आली. फडक्यात भाकरी, हातात पिठल्याचं पातेलं आणि तोंडाचा पट्टा चालूच. “तिकट हाय लई. सांग तिला, पानी घेऊन बस म्हनावं.” तिनंच पहिला घास पोरीच्या हातात दिला. पोरीनं परीक्षा दिली, पास झाली, तिच्या देशात मास्तरीण झाली. चर्चासत्रात कुणी मला विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं, पण ऑफिसातल्या बाईला कोण विचारतं.

तू गेलीस तेव्हा तिचा फोन आला.  मग तिनं विचारलं, शेवटी आंटी काही बोलल्या का? मी म्हणाले, हो, तुझं नाव घेतलं. ती हमसून हमसून रडली. तुला माहीतच आहे, तू दोन दिवस शुद्धीवर नव्हतीस, कुणाचंच नाव घेतलं नाहीस. पण तिला सांगता सांगता, आई, मी माझंही नाव त्यात घातलं.